मेपलचं कूळ रिठ्याचं

मार्च संपत आला की पेंचच्या जंगलात कुसुम पेटतो. बाकीचा साग अजून उघडाबोडका उभा असतो, जमिनीवर वाळला पाचोळा, आणि मधेच नाल्याच्या काठी एखादं झाड कोवळ्या पालवीनं लालभडक झालेलं. एकदा सिल्लारीच्या गेटातून आत गेलो होतो. जिप्सीत आमच्यासोबत कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. ती त्या झाडाकडे बोट दाखवून जवळजवळ ओरडलीच, "मेपल!" गाईड समजुतीच्या सुरात म्हणाला, "मेपल-बिपल नाही जी, कुसुम हाय हा." सगळे हसले. मुलगी ओशाळून गप्प बसली.

मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला राहवेना. गेटाबाहेर चहा घेताना मी तिला म्हटलं, "अगं, तुझं झाड चुकलं, पण घर बरोबर सापडलं. कुसुम आणि मेपल एकाच कुळातले आहेत." तिनं विचारलं, "पण हे कळलं कसं? पानं तर अजिबात सारखी नाहीत." प्रश्न अगदी नेमका होता. चहा संपला, गाडी आली, उत्तर राहून गेलं. तेच आता सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ती मुलगी बरोबर ठरली, पण ज्या कारणानं ती 'मेपल' म्हणाली ते कारण चुकीचं होतं. तिनं लाल रंग पाहिला. कुसुमाची पानं जन्मताना लाल असतात आणि मग हिरवी होतात. थंड प्रदेशातल्या मेपलची पानं झडण्याआधी, म्हातारपणी लाल होतात. दोन्हीकडे रंगद्रव्य एकाच गटातलं, अँथोसायनिन. पण ते आंब्याच्या कोवळ्या पालवीतही असतं आणि जांभळाच्या सालीतही असतं. गुलाबी शर्ट घातलेली दोन माणसं काही भाऊ ठरत नाहीत.

पानाच्या आकाराचंही तेच. काश्मीरला जाऊन आलेली मंडळी चिनाराची पानं वहीत जपून आणतात आणि 'मेपलचं पान' म्हणून दाखवतात. चूक समजण्यासारखी आहे. पंजासारखं पसरलेलं, टोकंटोकं असलेलं ते पान आणि कॅनडाच्या झेंड्यावरचं पान शेजारी ठेवलं तर कोणीही फसेल. मोठेमोठे फसले आहेत. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये युरोपातल्या एका मेपलला 'एसर स्यूडोप्लॅटॅनस' असं नाव दिलं. एसर म्हणजे मेपल, प्लॅटॅनस म्हणजे चिनाराची प्रजाती. थोडक्यात, 'खोटा चिनार' नावाचा मेपल. दुसऱ्याचं नाव 'एसर प्लॅटॅनॉइडस', चिनारासारखा मेपल. उलट लंडनच्या रस्त्यांवर लावतात त्या चिनाराच्या संकराला 'एसरिफोलिया', म्हणजे मेपलच्या पानांचा, असं नाव मिळालं. या दोन झाडांच्या नावांतच शेकडो वर्षांचा गोंधळ नोंदलेला आहे.

खरं पाहता चिनार आणि मेपल फुलझाडांच्या वंशवृक्षावर एकमेकांपासून फार लांब बसतात. चिनाराच्या जवळचं आपल्या ओळखीचं झाड म्हणजे बंगल्यांच्या आवारात लावतात तो सिल्व्हर ओक, आणि त्याच गणातला आणखी एक सदस्य म्हणजे आपलं कमळ. हो, तळ्यातलं कमळ. कमळाला लोक कुमुदाची बहीण समजतात, कारण दोघी पाण्यात वाढतात, दोघींची पानं गोल. डीएनए सांगतो की कमळ कुमुदापेक्षा चिनाराला कितीतरी जवळचं आहे. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा वाचला होता. वर्षानुवर्षं मी कमळ आणि कुमुद एकाच तासाला शिकवत आले होते.

मग कळतं कसं?

याचं उत्तर मला पोथ्यांमधून समजावायला आवडतं. विदर्भात महानुभाव मठांमधून हाताने उतरवलेल्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. मूळ पोथी हरवते, तिची नक्कल उरते, नकलेची नक्कल होते. उतरवणारा कितीही काळजीपूर्वक बसला तरी एखादा काना सुटतो, एखादा शब्द बदलतो. आणि पुढचा नक्कलकार समोर असलेली पोथीच उतरवतो, म्हणजे आधीची चूकही श्रद्धेनं उतरवतो. म्हणून चुका वारशानं पुढे जातात. समजा एकाच ग्रंथाच्या चार पोथ्या आपल्या हाती आल्या आणि त्यांत एक ओळ अशी आहे (ही ओळ मी समजावण्यापुरती रचली आहे):

पहिली पोथी: नदीतीरी बैसला साधू
दुसरी पोथी: नदीतीरी बैसला सिधू
तिसरी पोथी: नदीतटी बैसला साधू
चौथी पोथी: नदीतटी बसला साधू

तिसऱ्या आणि चौथ्या पोथीत 'तीरी'ऐवजी 'तटी' आहे. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच जागी एकच बदल करण्यापेक्षा, त्या दोघींची आई एकच होती आणि बदल तिच्यात झाला होता, हे जास्त पटतं. म्हणजे तिसरी आणि चौथी बहिणी. चौथीत पुढे आणखी एक बदल झाला, 'बैसला'चं 'बसला'.

पण थांबा. मूळ शब्द 'तीरी' होता आणि 'तटी' नंतर आला, हे कशावरून? उलटंही असू शकेल. तेव्हा तर पहिली आणि दुसरी बहिणी ठरतील. इथे बाहेरचा साक्षीदार लागतो: फार पूर्वी वेगळ्या झालेल्या मठातली एखादी पोथी. तिच्यात 'तीरी' असेल तर मूळ पाठ 'तीरी'. वनस्पतींच्या अभ्यासात हा बाहेरचा साक्षीदार नेहमी घेतात. त्याला 'बाह्यगट' म्हणतात.

आता या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, ज्यावर विद्यार्थी हमखास अडखळतात. पहिली, तिसरी आणि चौथी या तिन्ही पोथ्यांत 'साधू' आहे. म्हणून त्या तिघी एकमेकींच्या जवळच्या का? नाही. 'साधू' हा मूळचाच शब्द आहे, तो सगळ्यांना मिळालाच होता, फक्त दुसरीनं तो बिघडवला. जुनं सारखेपण टिकून राहिलं याला पुरावा म्हणून किंमत नाही. नंतर झालेला बदल दोघांत सारखा असेल तरच तो नात्याचा पुरावा. नुसतं 'किती सारखं दिसतं' एवढं मोजत बसलो तर आपण पुन्हा चिनार-मेपलच्याच खड्ड्यात पडतो.

आणि एक सावधगिरी. 'बैसला'चं 'बसला' हा बदल असा आहे की आजच्या बोलीची सवय असलेला कुठलाही नक्कलकार स्वतंत्रपणे करू शकेल. असे योगायोग डीएनएतही होतात. तिथे अक्षरं चारच आहेत, ए, टी, जी आणि सी. त्यामुळे दोन वेगळ्या झाडांत एकाच जागी एकच बदल योगायोगानं होण्याची शक्यता कायम असते. म्हणून एका ओळीवर निकाल देत नाहीत, हजारो अक्षरं तपासतात.

ही अक्षरं झाडातून काढायची कशी, हे थोडक्यात सांगते. जंगलात पान तोडलं की ते सिलिका जेलच्या खड्यांत, म्हणजे नव्या बुटांच्या खोक्यात पुडी असते ना त्यात, पटकन सुकवतात. प्रयोगशाळेत ते बारीक कुटतात आणि सीटॅब नावाच्या द्रावणात गरम करतात. सीटॅब हा साबणाच्याच जातीचा पदार्थ आहे, तो पेशींची स्निग्ध आवरणं फोडतो. मग क्लोरोफॉर्मनं प्रथिनं बाजूला करायची, अल्कोहोल घालायचं, की डीएनए पांढऱ्या धाग्यांसारखा वर येतो. चिकट आणि तुरट पानांशी झगडावं लागतं, एवढं अनुभवानं सांगते. त्यानंतर हवा तो तुकडा पीसीआर यंत्रात वाढवतात. 1983 मध्ये कॅरी मलिस यांना सुचलेली ही युक्ती आहे. प्रत्येक फेरीत तुकड्यांची संख्या दुप्पट होते. 30 फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे, हिशेबानं, 107 कोटींच्या वर होतात. मग फ्रेडरिक सँगर यांनी 1977 मध्ये दिलेल्या पद्धतीनं, किंवा हल्लीच्या जलद यंत्रांवर, अक्षरं एकामागोमाग एक वाचायची.

पण डीएनए कुठला वाचायचा, यावर बरंच काही अवलंबून असतं. झाडाच्या पेशीत डीएनए तीन ठिकाणी असतो: केंद्रकात, सूत्रकणिकांत आणि हरितलवकांत. हरितलवक म्हणजे पानाला हिरवं करणारे, सूर्यप्रकाशातून अन्न बनवणारे कण. मेपलच्या हरितलवकाची पोथी साधारण 1 लाख 56 हजार अक्षरांची असते. ती प्रत्येक पेशीत भरपूर प्रतींत असते, म्हणून काढायला सोपी. ती सावकाश बदलते, म्हणून लांबची नाती तपासायला चांगली. तिच्यातल्या 'आरबीसीएल' नावाच्या जनुकावर, ज्यात 1,400च्या आसपास अक्षरं आहेत, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात वनस्पतींचं अख्खं वर्गीकरण नव्यानं मांडलं गेलं.

हरितलवकाची एक मर्यादा मात्र आहे, आणि ती नागपूरच्या माणसाला संत्र्या-मोसंबीइतकी दुसऱ्या कशानं कळणार नाही. बहुतेक फुलझाडांत हरितलवक आईकडूनच येतं. परागकणातून, म्हणजे बापाकडून, ते येत नाही. आता मोसंबी घ्या. मोसंबी म्हणजे गोड संत्र्याचीच एक जात, आणि तिच्या पूर्वजांत पपनसही आहे आणि आपल्या संत्र्याचा गट, मँडरिन, तोही आहे. मोसंबीचं हरितलवक वाचलं तर ते पपनसाचं निघतं. एवढंच वाचून कोणी लिहिलं की मोसंबी म्हणजे पपनसाची मुलगी, संत्र्याशी तिचा संबंध नाही, तर ते चूक ठरेल. कारण केंद्रकातला डीएनए वाचला की मोठा वाटा मँडरिनचा दिसतो. आजोळचं आडनाव पाहून माणसाचं अख्खं घराणं सांगता येत नाही. म्हणून आता मेपलच काय, कुठल्याही झाडाचा अभ्यास करताना हरितलवक आणि केंद्रक दोन्ही वाचतात. दोन्हींतून एकच वंशवृक्ष निघाला तर विश्वास वाढतो. वेगवेगळे निघाले तर कुठेतरी संकर झाला असावा, असा संशय घेऊन शोध सुरू होतो. माझ्या मते या शास्त्रातला सगळ्यात रंगतदार भाग तिथेच आहे.

अक्षरं हातात आली की ती एकाखाली एक लावायची. हे ऐकायला सोपं आहे. पण मधे कुठे चार अक्षरं गळलेली असतात, कुठे दोन घुसलेली असतात, त्यामुळे ओळी सरकतात. चुकीच्या अक्षराखाली अक्षर आलं तर पुढचा सगळा निकाल बिघडतो. त्यानंतर वंशवृक्ष शोधायचा. दहा जाती घेतल्या तर त्यांचे शक्य असलेले वंशवृक्ष 3 कोटी 44 लाख 59 हजार 425 होतात. वीस जाती घेतल्या तर तो आकडा उच्चारायलाही जमत नाही. म्हणून संगणक लागतो. अक्षरं बदलण्याच्या शक्यतांचा हिशेब मांडून, हाती आलेला क्रम कुठल्या वृक्षातून सर्वांत सहज निपजेल, हे तो शोधतो.

आणि निघालेल्या वृक्षावर विश्वास किती ठेवायचा? 1985 मध्ये जो फेल्सेनस्टीन यांनी यासाठी एक सुंदर तपासणी सुचवली. समजा पोथीत 1,400 अक्षरांच्या जागा आहेत. प्रत्येक जागेची चिठ्ठी करून मडक्यात टाका. एक चिठ्ठी काढा, लिहून घ्या, परत टाका. असं 1,400 वेळा करा. काही जागा दोनदा-तीनदा येतील, काही येणारच नाहीत. या नव्या पोथीवरून पुन्हा वंशवृक्ष काढा. हा खेळ हजार वेळा करा. मेपल आणि हॉर्स चेस्टनट नावाचं थंड प्रदेशातलं झाड हजारातून 980 वेळा शेजारी आले, तर ती फांदी भक्कम. 400 वेळाच आले, तर ती फांदी कच्ची, तिच्यावर वजन टाकू नये. म्हणूनच छापलेल्या वंशवृक्षात फांदीफांदीवर आकडे असतात. ते वाचल्याशिवाय कुठल्याही वृक्षावर भरवसा ठेवू नका.

आता मेपलकडे.

मेपलचं पूर्वी स्वतंत्र कूळ होतं, एसरेसी. हॉर्स चेस्टनटचंही वेगळं कूळ होतं. मेपलची पानं समोरासमोर जोडीनं येतात, फळाला दोन पंख असतात, तो थंडीत राहतो. रिठा, कुसुम, लिची यांची पानं एकाआड एक आणि संयुक्त, आणि ही मंडळी उष्ण प्रदेशातली. त्यांना वेगळं ठेवणं स्वाभाविक होतं. तरी बारीक नजरेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना फुलांमधलं साम्य, बहुधा आठ असणारे पुंकेसर वगैरे, खटकत होतंच. डीएनएनं तो संशय खरा ठरवला. 1998 मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांच्या एका गटानं फुलझाडांचं नवं वर्गीकरण मांडलं, त्यात मेपल आणि हॉर्स चेस्टनट दोघांनाही सॅपिंडेसी कुळात घेतलं.

सॅपिंडेसी हे नाव कुठून आलं? सॅपिंडस या प्रजातीवरून. सॅपिंडस म्हणजे आपला रिठा. लॅटिन 'सापो' म्हणजे साबण आणि 'इंडिकस' म्हणजे भारतीय, मिळून 'भारतीय साबण'. कॅनडाच्या झेंड्यावर मिरवणारं पान आज ज्या कुळात गणलं जातं, त्या कुळाला नाव आपल्या रिठ्यानं दिलं आहे. इतवारीत किराण्याच्या दुकानी पोत्यात भरलेले ते सुरकुतलेले, चिकट, तपकिरी रिठे आजीच्या काळापासून केस धुवायला घरी येतात. मी हे शिकवताना वर्गात मुद्दाम चार रिठे घेऊन जात असे.

नात्याचा एक पुरावा मात्र मन खिन्न करणारा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बिहारमध्ये मुजफ्फरपूर भागात लिचीच्या हंगामात लहान मुलं अचानक दगावत होती. 2014 च्या हंगामातल्या तपासात असं दिसलं की लिचीमधला हायपोग्लायसिन हा पदार्थ आणि त्याच्याच जवळचा आणखी एक पदार्थ उपाशीपोटी झोपलेल्या, कुपोषित मुलांच्या रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली आणत होता. रात्रीचं जेवण मिळालेल्या मुलांना हा धोका फार कमी होता. याच कुळातल्या वेस्ट इंडीजमधल्या ॲकीच्या कच्च्या फळातही हाच हायपोग्लायसिन असतो. आणि युरोपात कुरणांवर चरणारे घोडे ज्या स्नायूंच्या जीवघेण्या आजारानं मरतात, त्याचं कारण म्हणजे कुरणात उडून पडलेलं मेपलचं बी. त्यातही हायपोग्लायसिन. ते मेपल कुठलं? वर सांगितलेला तोच 'खोटा चिनार'. मुजफ्फरपूरची लिची, वेस्ट इंडीजची ॲकी, युरोपातला मेपल: तिघांच्या हाती एकच विष. दिसण्यातून जे लपलं होतं ते रसायनात आणि डीएनएत उघड होतं.

कुळाच्या आतलं चित्र असं: मेपल आणि हॉर्स चेस्टनट जवळचे चुलत भाऊ. रिठा, कुसुम, लिची हे दुसऱ्या घरातले, एकमेकांना जास्त जवळचे. म्हणून काही संशोधकांनी 2010 मध्ये सुचवलं की मेपल आणि हॉर्स चेस्टनट यांना पुन्हा आपापली कुळं द्यावीत. इथे घाबरून जायचं कारण नाही. वंशवृक्षाबद्दल वाद नाही, फांद्या त्याच आहेत. एका मोठ्या वाड्याला एक घर म्हणायचं की तीन बिऱ्हाडं, एवढाच वाद आहे, आणि तो माणसांच्या सोयीचा आहे. आज बहुतेक जण एकच घर मानतात.

मेपलच्या प्रजातीत सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. बहुसंख्य आशियातल्या, त्यातही चीनमधल्या. आपल्याकडे हिमालयात काही आहेत, मध्य भारतात एकही नाही. त्यांची पानं पाहिली तर झेंड्यावरचं पान ही मेपलची एकमेव ओळख नाही हे लगेच कळतं. हिमालयातल्या 'एसर ओब्लाँगम'चं पान साधं, लांबट, न विभागलेलं. झाडाखाली उभं राहूनही मेपल आठवणार नाही, पंखांची जोडी असलेलं फळ दिसेपर्यंत. अमेरिकेतल्या 'एसर निगुंडो'चं पान संयुक्त, तीन ते सात पर्णिकांचं. जपानमधल्या एका मेपलचं पान अगदी दुसऱ्याच कुळातल्या हॉर्नबीमसारखं. पानं पाहून गट पाडले असते तर या मंडळींना एका घरात बसवणं कठीण होतं. डीएनए त्यांना निःशंकपणे एकत्र बसवतो.

चीनमध्ये डिप्टेरोनिया नावाची फक्त दोन जातींची एक प्रजाती आहे. तिच्या फळाचा पंख बियांभोवती गोल फिरतो, पापडाच्या कडेसारखा. ती मेपलची बहीण की मेपलमधलीच एक, हे सुरुवातीच्या अभ्यासांत नीट सुटत नव्हतं, कारण एक-दोन जनुकंच वाचलेली होती. जास्त जनुकं वाचल्यावर ती स्पष्टपणे शेजारची बहीण ठरली. गंमत अशी की तिचे जीवाश्म उत्तर अमेरिकेत सापडले आहेत, जिथे आज तिचं एकही झाड नाही.

यातून एका जुन्या कोड्याकडे जाता येतं. अमेरिकेच्या पूर्व भागातला लाल मेपल घ्या. त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक त्याच्या अंगणात राहणारा शुगर मेपल नाही. तो आहे प्रशांत महासागरापलीकडे, जपानमध्ये, 'एसर पिक्नँथम' नावाचा दुर्मीळ मेपल. साप-सालीचे मेपल म्हणून एक गट आहे, हिरव्या खोडावर पांढरे पट्टे असलेले. ते सगळे पूर्व आशियात, आणि त्यांच्यातला फक्त एक अमेरिकेच्या पूर्व भागात. पूर्व आशिया आणि पूर्व अमेरिका यांच्या झाडांत असं विलक्षण साम्य आहे, हे डार्विनचे मित्र एसा ग्रे यांनी 1859 च्या सुमारास मांडलं होतं. तेव्हा त्यांच्याकडे वाळवलेल्या पानांचे कागद होते, डीएनए नव्हता. आज उत्तर असं मिळतं: एके काळी पृथ्वी अधिक उबदार होती, सैबेरिया आणि अलास्का जमिनीनं जोडलेले होते, आणि ही जंगलं त्या वाटेनं सलग पसरलेली होती. पुढे थंडी वाढली, मधली जंगलं गेली, दोन टोकांना भावंडं उरली.

ती वेगळी केव्हा झाली? अक्षरं साधारण ठरावीक गतीनं बदलत असतील तर फरक मोजून काळ काढता येतो. पण घड्याळ कुठल्या तरी खुणेशी जुळवावं लागतं, आणि ती खूण म्हणजे जीवाश्म. मेपलचे सर्वांत जुने मानले जाणारे जीवाश्म सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हा काळ किती जुना, ते नागपुरात उभं राहून कळतं. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, हा काळा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे तळ्यांचा गाळ साचला, त्यात झाडं, फळं, बिया दगड होऊन राहिल्या. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी 1850 च्या दशकात नागपूरच्या परिसरात असे जीवाश्म गोळा केले होते. त्या लाव्हानंतर साधारण साठ लाख वर्षांत मेपलचा वंश उत्तरेकडे आपला मार्ग धरत होता.

सगळं सुटलं आहे असं मात्र नाही. मेपलच्या मोठ्या शाखा फार थोड्या काळात, जवळजवळ एकदम फुटल्या. पोथीची भाषा वापरायची तर, एका आठवड्यात दहा नकला झाल्या. प्रत्येकीत वेगळ्या चुका व्हायला वेळच मिळाला नाही, मग आधी कुठली उतरवली हे कसं ओळखणार? एक-दोन जनुकांनी हे जमत नाही. म्हणून 2019 मध्ये मेपलवरच्या एका अभ्यासात केंद्रकातले पाचशेच्या वर तुकडे वाचले, आणि बऱ्याच फांद्या जागेवर आल्या. तरी काही सांध्यांवर हरितलवक एक सांगतं आणि केंद्रक दुसरं. तिथे जुने संकर दडलेले असण्याची दाट शक्यता आहे.

त्या मुलीला, आणि कुणाही विद्यार्थ्याला, मी आता एक काम सांगेन. यासाठी प्रयोगशाळा नको, कॉलेजातला साधा संगणक पुरे. जेनबँक नावाचं अमेरिकी सरकारी भांडार 1982 पासून चालू आहे, त्यातले क्रम जगात कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. तिथून सहा झाडांचं आरबीसीएल घ्या: मेपल, रिठा, कुसुम, चिनार, कमळ, आणि बाह्यगट म्हणून आपला सोनचाफा. 'मेगा' हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, ओळी एकाखाली एक लावा, वंशवृक्ष काढा, चिठ्ठ्यांची ती तपासणी हजार वेळा चालवा. सहा झाडांचे, मुळासकट मांडलेले, 945 वंशवृक्ष शक्य आहेत. त्यातला जो वर येईल त्यात एका बाजूला रिठा आणि कुसुम जोडीनं असतील, त्यांना लागून मेपल. दुसऱ्या बाजूला चिनार कमळाजवळ बसलेला दिसेल.

आणि तोवर अंबाझरीच्या बाजूला कुंपणावर चढलेली कपाळफोडी शोधा. फुग्यासारखं हिरवं फळ असतं तिचं. ते फोडलं की काळं गोल बी निघतं, त्यावर पांढरा, बदामाच्या आकाराचा ठिपका. तीही याच कुळातली.